‘गुन्हा कबूल’ : दोन शब्द आणि अपिलाचा हक्क



घरफोडीच्या संशयावरून पोलीस प्रथम कोणत्या वस्तीत शिरतात, हे कष्टकऱ्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्याला सांगावे लागत नाही. जामिनाची ऐपत नसलेला मजूर महिनोन्‌महिने कच्चा कैदी म्हणून खितपत पडतो आणि एके दिवशी त्याच्या कानाशी सल्ला येतो : कबूल करून टाक, भोगलेले दिवस शिक्षेत धरतील, आजच सुटशील. सल्ला अगदीच खोटा नसतो. कच्च्या कैदेचे दिवस शिक्षेतून वजा करण्याची तरतूद कायद्यात आहेच. परंतु त्या दोन शब्दांची उरलेली किंमत त्याला कोणी सांगत नाही. चोरी-घरफोडीसारख्या, ३ वर्षे वा अधिक कैदेस पात्र गुन्ह्यात एकदा दोषी ठरलेला माणूस पुन्हा तशाच गुन्ह्यात सापडला, तर त्याला जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंडविधानाचे कलम ७५ हेच सांगत होते, नव्या न्याय संहितेचे कलम १३ हेच सांगते.

आता अपील. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३७५, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४१६, यांचा आशय एकच : दंडाधिकाऱ्याने वा सत्र न्यायालयाने कबुलीवरून दोषी ठरवल्यास दोषाविरुद्ध अपील नाही; शिक्षा किती आणि कायदेशीर की बेकायदेशीर, एवढ्यापुरतेच ते आहे. पुष्कळ ठिकाणी येथेच कागद मिटले जातात. ते चूक आहे, कारण ती कबुली खरी कबुली होती काय, हा प्रश्न पुनरीक्षण अर्जाने वरच्या न्यायालयापुढे नेता येतो. दोषारोप आरोपीला समजावून सांगितला गेला काय? सुरतेत वा हैदराबादेत पोटासाठी गेलेल्या मराठी मजुराला, किंवा मुंबईत आलेल्या बिहारी मजुराला, तो कोणत्या भाषेत समजावला? वकील होता काय? शिवाय कबुली आली म्हणून दंडाधिकाऱ्याने दोषी ठरवलेच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. तो निर्णय त्याच्या विवेकावर सोडला आहे.

१९८० साली कासमभाई शेख यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सौदेबाजीतून मिळवलेल्या कबुलीवरील दोषसिद्धी रद्द करून खटला पुन्हा चालवण्यास सांगितले. खटला भेसळीचा होता, घरफोडीचा नव्हे. पण तत्त्व तेच. १९८६ साली सुक दास खटल्यात मोफत वकिलाचा हक्क आरोपीला न सांगता चाललेला खटलाच टिकला नाही. पुढे २००६ पासून कबुलीच्या सौद्याला कायद्याने मान्यता मिळाली, तीही ७ वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांपुरती. चोरीसाठी रात्री केलेल्या घरफोडीला १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे या आरोपात वऱ्हांड्यात होणाऱ्या सौद्याला कायद्याचा कसलाही आधार नाही!

कोठडीतील माणसाला १९८७ च्या विधिसेवा कायद्याने उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. निकालाची प्रतही फुकट मिळते, आणि अपिलाचा अर्ज तुरुंगाधिकाऱ्यामार्फत पाठवता येतो. शाखेने हे त्याच आठवड्यात करावे. सत्र न्यायालयात अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयात ६० आणि पुनरीक्षणाला ९० दिवसांची मुदत असते.