एच.आय.व्ही.बाधित स्त्री आणि संततिनियमनाची निवड



रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले, तेव्हा साधन मिळणे हीच मुख्य अडचण होती. आज साधने उपकेंद्रापर्यंत पोचली आहेत. मात्र ती निवडण्याचे स्वातंत्र्य सर्व स्त्रियांना सारखे लाभलेले नाही, आणि एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते.

१ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांतून एआरटी औषधे मोफत मिळू लागली आणि या स्त्रियांपुढे संसाराचे व अपत्याचे प्रश्न नव्याने उभे राहिले. उपचार नसल्यास मातेकडून बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो. योग्य उपचारांनी तो ५ टक्क्यांच्या खाली आणता येतो. तेव्हा ‘हिला मूल कशाला हवे?’ या घरोघरी ऐकू येणाऱ्या प्रश्नाला वैद्यकीय आधार उरलेला नाही. कायद्याचाही नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आलेल्या २०१७ च्या केंद्रीय अधिनियमानुसार बाधित गर्भवतीचा गर्भपात अथवा नसबंदी तिच्या माहितीपूर्ण संमतीवाचून करता येत नाही.

मूल नको असेल किंवा इतक्यात नको असेल, तर तिला बहुधा एकच सल्ला मिळतो : निरोध वापरा. सल्ला योग्य आहे, कारण संसर्ग आणि गर्भधारणा या दोहोंपासून रक्षण करणारे साधन तेच. परंतु निरोध वापरणे पतीच्या हाती असते. पत्नीने आग्रह धरला की संशय येतो. तिने आपला आजार घरी सांगितलेला नसेल, तर आग्रहाचे कारणही देता येत नाही. शिवाय प्रत्यक्ष वापरात निरोधावर विसंबणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे १३ जणींना वर्षभरात गर्भ राहतो. म्हणून निरोधाच्या जोडीला तिच्या स्वतःच्या हाती असलेले दुसरे साधन देणे आवश्यक ठरते.

याच्या उलट परिस्थिती शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीची. महाराष्ट्रात विवाहित स्त्रियांपैकी निम्म्याच्या आसपास स्त्रियांनी नसबंदी करून घेतलेली आहे. पुरुषांचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी, हे येथे नमूद केलेले बरे! गर्भाची भीती संपली की निरोध घरातून नाहीसा होतो. शस्त्रक्रियेने संसर्ग थांबत नाही, हे त्या जोडप्याला कोणी समजावून सांगितलेलेच नसते.

दुसरे साधन कोणते, हे तिच्या औषधांवरही अवलंबून असते. प्रकृती स्थिर असलेल्या स्त्रीला तांबी बसवता येते. ‘अंतरा’ हे तीन महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शनही चालते. तथापि एफाव्हिरेन्झ या औषधामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा व त्वचेखाली बसवायच्या इम्प्लांटचा प्रभाव घटतो; डोल्युटेग्राव्हिर असलेल्या उपचारात ही अडचण येत नाही. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनही गोळ्यांना निष्प्रभ करू शकते, आणि क्षयरोग हा तर या आजाराचा नित्याचा सोबती. एआरटी केंद्रात कुटुंबनियोजनाची विचारपूस झाली नाही आणि कुटुंबनियोजनाच्या खोलीत तिने आपली औषधे सांगितली नाहीत, तर गोळी चालू असतानाही गर्भ राहतो, आणि दोष मात्र तिच्या विसराळूपणावर जातो.

ती औषधे का सांगत नाही? गावात बातमी फुटेल म्हणून. बाधित व्यक्तीची माहिती तिच्या संमतीशिवाय उघड करण्यास कायद्याने मनाई आहे. तरीही ‘अमकीला काय झाले आहे’ हे शोधण्याचा उत्साह काही ठिकाणी आढळतो. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी तसे करण्याचे काहीच कारण नाही. महिला मंडळाच्या सभेत आशा कार्यकर्तीने सर्वच स्त्रियांना प्रत्येक साधनाची माहिती द्यावी आणि कोणतेही औषध चालू असल्यास साधन घेण्यापूर्वी ते परिचारिकेला एकांतात सांगावे, असे सर्वांनाच सुचवावे. तसे झाले तर कोणा एकीकडे बोट न दाखवता आवश्यक ती माहिती तिच्यापर्यंत पोचेल.