आक्रमण, बचाव आणि आकड्यांची साक्ष

विश्वचषक फुटबॉलचे सामने रात्री जागून पाहणाऱ्या घरांत एक वाद हमखास रंगतो. एकाला चढाईचा खेळ आवडतो, तर दुसरा म्हणतो, स्पर्धा जिंकून देतो तो बचावच. मग दोघेही पुराव्यादाखल आकडे पुढे करतात. आज या आकड्यांविषयीच थोडे बोलू या.

प्रथम दोन विजेते संघ पाहू. २००४ साली ग्रीसने युरोपचे अजिंक्यपद मिळवले. सहा सामन्यांत त्यांनी गोल केले अवघे सात, आणि स्वीकारले चार. बाद फेरीत फ्रान्स, चेक प्रजासत्ताक आणि पोर्तुगाल या तिघांनाही त्यांनी १-० असे हरवले. सगळ्यांनी एकमुखाने म्हटले, हा बचावाचा विजय. आता २०१० सालचा विश्वविजेता स्पेन घ्या. सात सामन्यांत गोल केले आठ, स्वीकारले दोन, आणि बाद फेरीतले चारही सामने १-०! गोलफलक पाहिला तर दोन्ही संघ भावंडे वाटावीत. मैदानावर मात्र दोघांत जमीन-अस्मानाचा फरक होता. ग्रीसचे खेळाडू मागे राहून वाट अडवत आणि संधी मिळताच झडप घालत. स्पेनचे खेळाडू छोटे छोटे पास देत चेंडू आपल्याकडेच ठेवत. चेंडूच हाती नसेल तर प्रतिस्पर्धी चढाई करणार कशी? म्हणजे स्पेनचे आक्रमण हाच त्यांचा बचाव होता.

तेव्हा नुसते गोल मोजून खेळाची शैली कळत नाही. शैली जाणायची तर गोलापर्यंतची वाट मोजावी लागते. हे काम चिकाटीने करणारा एक माणूस इंग्लंडमध्ये होऊन गेला. त्यांचे नाव चार्ल्स रीप. ते रॉयल एअर फोर्समध्ये विंग कमांडर होते आणि काम हिशेबाचे. १८ मार्च १९५० रोजी स्विंडनच्या मैदानावर सामना पाहताना उत्तरार्धात त्यांनी वही-पेन्सिल काढली आणि प्रत्येक चढाईची नोंद सुरू केली. ही नोंद पुढे अनेक वर्षे चालू राहिली. १९६८ साली बर्नार्ड बेंजामिन या संख्याशास्त्रज्ञाच्या साथीने त्यांनी या विषयावर शोधनिबंधही प्रसिद्ध केला.

रीप यांच्या नोंदींत एक ठळक गोष्ट दिसली. सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांनंतर झाले होते. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की पासांची लांबण लावण्यात अर्थ नाही. चेंडू लवकरात लवकर लांब मारून गोलपाशी पोचवावा.

ऐकायला हे पटते. पण एक शाळेचे उदाहरण घ्या. एका शाळेची ८० मुले पहिल्या वर्गात आली, दुसरीची २०. पहिली शाळा चांगली, असे आपण चटकन म्हणू. पण पहिल्या शाळेतून ९०० मुले परीक्षेला बसली होती आणि दुसरीतून १००, हे कळले तर? पहिलीत शंभरात नऊ, दुसरीत शंभरात वीस!

रीप यांच्या वहीतही नेमके हेच होते. एकूण चढायांपैकी ९० टक्क्यांहून अधिक चढाया तीन किंवा कमी पासांतच संपत होत्या. उरलेल्या दहा टक्क्यांहूनही कमी चढायांनी २० टक्के गोल दिले होते. लांब मालिका दुर्मीळ होत्या, पण निष्फळ मुळीच नव्हत्या.

पुढे २००५ साली माइक ह्यूज आणि इयन फ्रँक्स या अभ्यासकांनी १९९० आणि १९९४ च्या विश्वचषकांतील सामने या दृष्टीने तपासले. लांब मालिकांतून गोलावर अधिक फटके मारता येतात, असे त्यांना आढळले. मात्र मारलेल्या फटक्यांपैकी गोलात जाणाऱ्यांचे प्रमाण थेट खेळात अधिक होते. म्हणजे रीप अगदीच चुकले नव्हते. पण ‘हाच मार्ग उत्तम’ हा त्यांचा निकाल त्यांच्याच आकड्यांवर टिकत नव्हता.

ही चूक वहीत राहिली असती तर बिघडले नसते. पण थेट खेळाचा हा विचार इंग्लंडमध्ये प्रशिक्षणाच्या वरच्या वर्तुळापर्यंत पोचला. फुटबॉल असोसिएशनचे प्रशिक्षण संचालक चार्ल्स ह्यूज हेही याच मताचे पुरस्कर्ते होते. चेंडू पायाशी खेळवण्याची हौस असलेल्या मुलाला ‘लांब मार’ असे सांगितले जाते, तेव्हा त्याचे कसब फुलायचे राहून जाते. ते नुकसान कोणत्याच तक्त्यात दिसत नाही.

याचा अर्थ आकडे खोटे असतात असा नव्हे. रीप यांनी कष्टाने नोंदी ठेवल्या, म्हणूनच त्यांची चूक पुढच्यांना दाखवता आली. आज तर प्रत्येक फटका कोठून मारला, तसे फटके शंभरात किती वेळा गोलात जातात, याचाही हिशेब ठेवतात. तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी घरात वाद रंगला आणि कोणी म्हणाले, ‘इतके गोल अशा खेळातून झाले’, तर शांतपणे एवढेच विचारा, ‘कितीपैकी?’ हा प्रश्न मैदानाबाहेरही उपयोगी पडतो.