स्वावलंबन की कर्जावलंबन?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



पूर्व आफ्रिकेतील ग्रामीण तरुणांपुढे आज शिक्षण आणि उद्योजकता हे दोन मंत्र ठेवले जातात. दोन्ही मंत्र चांगलेच आहेत. परंतु कोणत्याही मंत्राला समाजवाद्याने एक प्रश्न विचारलाच पाहिजे : यात जोखीम कोणाची आणि लाभ कोणाचा?

प्रथम टांझानियाचा अनुभव पाहू. फेब्रुवारी १९६७ मध्ये ज्युलियस न्येरेरे यांच्या नेतृत्वाखाली अरुशा जाहीरनामा निघाला आणि पुढच्याच महिन्यात त्यांचा ‘स्वावलंबनासाठी शिक्षण’ हा निबंध प्रसिद्ध झाला. न्येरेरे मूळचे शिक्षक. जनता त्यांना ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी, म्हणे. त्यांचे निदान अचूक होते. प्राथमिक शाळेतील बहुसंख्य मुलांना माध्यमिक शाळेत जागाच नव्हती; तरीही सारे शिक्षण पुढे जाणाऱ्या मूठभरांच्या परीक्षेसाठी बेतलेले होते. मागे राहणाऱ्या मुलाच्या पदरी अपयशाखेरीज काही पडत नसे. म्हणून प्राथमिक शिक्षण स्वयंपूर्ण असावे, शाळेला स्वतःचे शेत असावे, श्रमाची लाज जावी, असे त्यांनी मांडले. वर्ध्याची १९३७ ची नई तालीम किंवा कर्मवीर भाऊरावांची ‘कमवा आणि शिका’ योजना जाणणाऱ्यांना हा विचार परका वाटणार नाही.

मग तो अडखळला कोठे? येथे आपण आपल्या विचाराच्या माणसांच्या चुका झाकू नयेत. नोकरीची शिडी परीक्षेच्याच भिंतीला टेकलेली राहिली. त्यामुळे शाळेचे शेत अनेक ठिकाणी पालकांना वेठबिगार वाटले. १९७३ नंतर ‘उजामा’च्या नावाने लाखो शेतकऱ्यांना नव्या वसाहतींत हलविले गेले आणि त्यात सक्ती झाली. १९७६ मध्ये तर शेतकऱ्यांचे सहकारी संघच सरकारने बरखास्त केले. किलिमांजारोच्या कॉफी उत्पादकांनी इंग्रजी अमदानीत, १९३० च्या दशकारंभी, उभा केलेला संघही त्यातून सुटला नाही. ज्या संस्थेत खेड्यातला तरुण हिशेब, व्यापार आणि लोकशाही शिकला असता, तीच समाजवादाच्या नावाने मोडली गेली!

पुढे १९८० च्या दशकात कर्जबाजारीपणा आला, त्यामागून सावकार संस्थांच्या अटी आल्या आणि शाळांतून शुल्क परतले. गरिबाचे मूल शाळेबाहेर गेले. ही चूक दुरुस्त व्हायला बराच काळ गेला : युगांडाने १९९७ मध्ये, टांझानियाने २००१ मध्ये आणि केनियाने २००३ मध्ये प्राथमिक शुल्क रद्द केले. केनियात त्याच वर्षी दहा लाखांहून अधिक जादा मुले शाळेत आली. गरिबाला शिक्षणाची आवड नसते, असे म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर कोणते हवे?

आता उद्योजकतेकडे वळू. केनियात उघड्यावर पत्रे ठोकून पेट्या, शेगड्या, अवजारे घडविणाऱ्या कारागिरांना ‘जुआ काली’ म्हणतात. स्वाहिलीत याचा अर्थ ‘कडक ऊन’. हे लोक रिकामटेकडे नसून उत्पादक आहेत, त्यांचा छळ थांबवा, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अहवालाने १९७२ मध्येच बजावले होते. तेव्हा उद्योजकतेची कमतरता तेथे कधीच नव्हती. कमतरता आहे ती जमिनीची, विजेची, रस्त्याची आणि खिशात पैसा असलेल्या गिऱ्हाइकाची.

‘बोडा-बोडा’चे उदाहरण घ्या. केनिया-युगांडा सीमेवर प्रवासी पोहोचविणाऱ्या सायकलींपासून हा धंदा सुरू झाला. आज मोटारसायकलींवर असंख्य खेडूत तरुण त्यावर पोट भरतात. समजा, एका गावात तिघांपुरता हा धंदा आहे आणि दहा जणांना गाडीसाठी कर्ज मिळाले. काय होईल? भाडे उतरेल, हप्ता उतरणार नाही. कर्ज देणाऱ्याच्या वहीत मात्र दहा उद्योजकांची नोंद होईल. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे समजते. धोरणकर्त्यांना समजत नाही, असे मानण्याइतके आपण भोळे राहू नये. बेकारी हा समाजाचा प्रश्न उरला नाही, तो त्या मुलाच्या जिद्दीचा प्रश्न झाला, की सत्ताधाऱ्यांची सुटका होते.

याचा कळस केनियात दिसला. विल्यम रुटो २०२२ मध्ये धडपड्या गरिबांचे, ‘हसलरां’चे, कैवारी म्हणून निवडून आले. त्याच नोव्हेंबरात ‘हसलर फंड’ निघाला. मोबाईलवर ५०० शिलिंगांपासून कर्ज! आणि २०२४ मध्ये त्याच सरकारने करवाढीचे वित्त विधेयक आणले. जूनमध्ये तरुण रस्त्यावर उतरले, २५ तारखेला संसदेत शिरले. गोळीबारात अनेकांचे प्राण गेले आणि दुसऱ्याच दिवशी विधेयक मागे घेण्याची घोषणा करावी लागली. या पिढीत २००३ नंतर मोफत शाळेत गेलेली मुले मोठ्या संख्येने होती. शाळेने त्यांना नोकरी दिली नसेल. पण सरकारी अंदाजपत्रक वाचण्याची दृष्टी दिली.

साथींनो, उद्योजकतेची टवाळी करणे हे आपले काम नव्हे. सुतारकाम शिकलेल्या मुलाला हत्यारांसाठी भांडवल मिळालेच पाहिजे. परंतु ते त्याच्या मालकीच्या सहकारी संस्थेतून मिळावे, मालाला बाजार मिळवून देण्याची जबाबदारी शासनाने घ्यावी आणि धंदा बुडाला तर माणूस बुडू नये. न्येरेरेंना स्वावलंबन हवे होते ते समाजाचे. एकट्या तरुणाच्या गळ्यात हप्ता अडकवून त्यालाच स्वावलंबन म्हणणे, ही त्या शब्दाची विटंबना आहे. आणि सहकार वरून हुकमाने लादणे ही त्याच विटंबनेची दुसरी बाजू आहे, हेही टांझानियाने आपल्याला शिकविले आहे. या दोन्ही चुका टाळून जो मार्ग उरतो तो संघटनेचा. लांबचा आणि कष्टाचा, पण आपलाच.