१६० चौरस फुटांचा संसार

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला सांगितले की, यंदा तुम्ही घर या विषयावर बोला. आम्ही म्हटलं, आम्ही काय बोलणार? आम्ही गिरणीत साच्यावर काम केलेले. शाळा दहावीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते या विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांतून आणि युनियनच्या सभांतून. पण नंतर विचार केला, विद्वान माणूस घरावर पुस्तक वाचून बोलेल. आम्ही तर त्या घरात पन्नास वर्षं अंग मुडपून झोपलो आहोत. तेव्हा आम्हालाही बोलायचा अधिकार आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतली माणसं ५०० चौरस फुटांत गेली. तेव्हापासून दोन प्रकारचं बोलणं कानावर येतं. एक म्हणतो, 'काही म्हणा, चाळीची मजा गेली.' दुसरा म्हणतो, 'सुटलो एकदाचे त्या खुराड्यातून.' बंधू-भगिनींनो, दोघंही खरं बोलतात, पण अर्धंच. गिरणीत पगाराच्या दिवशी चिठ्ठी मिळायची. तिच्यात एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला कपात. आज आपण आपल्या खोलीची तशीच चिठ्ठी मांडू या. खोलीने काय दिलं आणि काय कापून घेतलं.

या चाळी इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या काही वर्षांत बांधल्या. त्याच खात्याच्या नावावरून बीडीडी. वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२, अशा एकूण २०७ चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, चाळीत ८० खोल्या. मध्ये पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, मजल्यावर सामाईक संडास. खोली दहा बाय सोळाची. तिच्यातच मोरी, तिच्यातच चूल, तिच्यातच देव्हाऱ्याच्या जागी बाबासाहेब आणि तथागत.

आमच्या लहानपणी त्या खोलीत आम्ही नऊ माणसं होतो. आजी, आई-वडील, आम्ही पाच भावंडं आणि गावाहून आलेला चुलतभाऊ. १६० भागिले ९. माणशी अठरा फूट सुद्धा भरत नाहीत. म्हणजे एका खाटेएवढी जागा एका माणसाच्या वाट्याला. त्यातच पिंप, ट्रंका, स्टो आणि वळकट्या. वडील तिसऱ्या पाळीला गेले की त्यांच्या चटईवर चुलतभाऊ झोपायचा. सकाळी ते परत आले की आम्हाला पॅसेजमध्ये हाकलायचे, कारण त्यांना झोपायचं असायचं. झोपसुद्धा पाळीने!

आता जमेची बाजू पाहू.

पहिली गोष्ट, भाडं परवडत होतं आणि गिरणी चालत जायच्या अंतरावर होती. भोंगा झाला की माणूस घरातून निघायचा. गाडीभाडं नाही, दोन तासांची रखडपट्टी नाही. कामगाराच्या आयुष्यातले हे दोन तास म्हणजे काय, ते आज विरार-बदलापूरहून लोंबकळत येणाऱ्याला विचारा.

दुसरी गोष्ट, शेजार. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर आले. आम्ही तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होतो. महिन्यामागून महिने पगार नाही. पण कुणाच्या चुलीवर काही शिजलं नाही, हे लपून राहत नव्हतं. दारं उघडी असायची. आई कुणाला काही न सांगता बसून असली की समोरच्या काकू भाकरीची टोपली आणून ठेवायच्या. म्हणायच्या, 'आज जास्तच झाल्यात गं.' जास्त कुठल्या व्हायला! त्यांच्याही घरी संपच होता. लहान खोलीत उपास झाकता येत नाही, म्हणून तिथे कुणी एकटा उपाशी राहिला नाही.

तिसरी गोष्ट, संघटना. जयंतीची वर्गणी, वाचनालय, मोर्चा, मयत, लग्न, सगळं पॅसेजमध्ये उभं राहायचं. दहा मिनिटांत ऐंशी खोल्यांना निरोप पोचायचा. आमच्या वडिलांचं निधन झालं तेव्हा तीन दिवस आमच्या घरी स्टो पेटला नाही आणि आमच्या घरचं कुणी जेवणाविना राहिलं नाही. पाहुण्यांच्या पथाऱ्या चार खोल्यांत पडल्या. चळवळ म्हणतात ती आम्ही भाषणांतून नंतर शिकलो, पॅसेजमध्ये आधी शिकलो.

ही झाली जमा. आता कपात. आणि इथे आम्हाला आवाज थोडा खाली घ्यावा लागतो.

वडिलांना क्षय झाला. गिरणीतली कापसाची धूळ, पोटाला कमी आणि नऊ माणसांचा श्वास एका खोलीत. डॉक्टर म्हणाले, रोग्याला वेगळं ठेवा, हवा खेळती ठेवा. वेगळं कुठे ठेवणार? दुसऱ्या वर्षी धाकट्या बहिणीलाही तोच खोकला लागला. ती वाचली. पण औषध वेळेवर मिळालं म्हणून वाचली, खोलीमुळे नव्हे. २०२० साली कोरोना आला तेव्हाही तेच. सरकार सांगत होतं, घरात राहा, सहा फूट अंतर ठेवा. दहा फुटी खोलीत सहा माणसांनी सहा फूट अंतर कसं ठेवायचं? आणि मजल्यावरचा संडास तर सगळ्यांचा एकच.

बायामाणसांचं तर विचारूच नका. अंघोळ मोरीत, पडदा साडीचा. कपडे बदलायचे तर घरच्या पुरुषांनी बाहेर जायचं. पहाटे चारला उठून पाणी भरायचं. आजारपण असो, पाळीचे दिवस असोत, बाळंतपण असो, तिला पाठ टेकायला स्वतःचा असा कोपरा नाही. नव्या नवरा-बायकोला दोन शब्द बोलायचे तर गच्ची किंवा समुद्र. किती भांडणं माणसांच्या स्वभावामुळे झाली आणि किती नुसत्या जागेमुळे, याचा हिशेब कुणी केलेला नाही.

आता कुणी म्हणेल, बाबासाहेबही चाळीतच राहिले ना? राहिले. विद्यार्थी असताना लोअर परळच्या डबक चाळीत एकाच खोलीत. वडील रामजीबाबा त्यांना लवकर झोपवायचे आणि चाळ निजलेली असताना रात्री दोनला अभ्यासाला उठवायचे. पुढे बरीच वर्षं ते परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहिले. खोली नंबर ५० आणि ५१. एक संसाराला, एक अभ्यासाला आणि कामकाजाला. त्या संसारात माता रमाईंनी काय सोसलं, ते आपल्याला ठाऊक आहे. पण यावरून लहान खोलीत राहिलं की माणूस मोठा होतो, असा अर्थ काढू नका. तसं असतं तर आपल्या चाळीतून ऐंशी बाबासाहेब निघाले असते. बाबासाहेब मोठे झाले ते खोलीमुळे नव्हे, खोली असूनही. आणि हातात चार पैसे येताच त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं. कशासाठी? ग्रंथांसाठी. पुस्तकाला आणि वाचणाऱ्याला जागा लागते, हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल?

दुसरा कुणी म्हणेल, धम्म तर अल्प गरजा सांगतो. भिक्खू कुटीत राहतातच की. भन्तेजी समोर बसले आहेत, आमचं चुकलं तर त्यांनी सांगावं. विनयात भिक्खूने स्वतःसाठी बांधायच्या कुटीचं माप दिलेलं आहे. लांबी बारा विती, रुंदी सात विती. आपल्या साध्या वितीने धरलं तर नऊ फूट बाय सव्वापाच फूट. म्हणजे आपल्या खोलीपेक्षाही लहान. पण बंधू-भगिनींनो, ती कुटी एका माणसासाठी आहे. तीही ज्याने घरदार स्वतःच्या इच्छेने सोडलं, त्याच्यासाठी. पाच लेकरांच्या आईसाठी ते माप नाही. आज काही श्रीमंत देशांत माणसं हौसेने लहान घर बांधून राहतात असं वाचतो. राहोत बिचारी. आवडीने लहान घर घेणं वेगळं आणि नाइलाजाने लहान घरात कोंबलं जाणं वेगळं. बुद्धांनी दारिद्र्याला कधी धन्य म्हटलेलं नाही, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दाखवून दिलं आहे. तेव्हा आपल्या अडचणीला कुणी 'साधेपणा' असं गोड नाव दिलं तर फसू नका.

आता आमच्या स्वतःच्या चिठ्ठीतली सर्वात मोठी कपात सांगतो. ही आजवर कुठल्या व्यासपीठावर सांगितली नव्हती.

आमचं लग्न झालं, दोन मुलं झाली. खोली तीच. मुलासाठी पोटमाळा केला, वर बल्ब लावला. म्हटलं, पोराचा अभ्यास झाला पाहिजे. मुलगी शिकायला त्याच्यापेक्षा हुशार. पण तिला जागा मोरीजवळ, आणि तीही भांडी घासून झाल्यावर. आमची तिसरी पाळी संपून आम्ही झोपलेले असलो की दिवसा खिडकी बंद. रात्री टीव्ही चालू. २०१२ साली ती बारावीला होती. एके रात्री म्हणाली, 'पप्पा, विहारात बसून अभ्यास करू का? तिथे कुणी नसतं.' आम्ही काय म्हणालो? 'मुलीच्या जातीने रात्री बाहेर बसायचं नाही.' तेव्हा आम्ही विहार समितीचे चिटणीस होतो. स्त्री-पुरुष समतेवर आम्ही भाषणं करत होतो. विहाराला रात्री नऊला कुलूप लागायचं आणि त्याची किल्ली आमच्याच खिशात होती.

ती गणितात नापास झाली. पुन्हा बसली नाही. दोन वर्षांनी लग्न झालं. तिने आम्हाला कधी बोल लावला नाही. आज ती इथे भगिनींमध्ये बसली आहे, शेजारी तिची मुलगी आहे, पाचवीत शिकणारी. खोली लहान होती हे खरं. पण त्या लहान खोलीतली जागा वाटताना आम्ही न्याय केला नाही, हेही खरं. जागा सरकारने कमी दिली, वाटणी मात्र आमची होती.

म्हणून नव्या घरात जाणाऱ्यांना आणि अजून चाळीत किंवा संक्रमण शिबिरात थांबलेल्यांना आमचं कळकळीचं सांगणं आहे.

एक, घर मिळालं की विकू नका. लग्न, कर्ज, व्यसन यांपायी खोल्या गेलेल्या आपण पाहिल्या आहेत. ज्यांनी खोली विकली त्यांची मुलं आज भाड्याच्या घरात आहेत. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाचा खर्च येणार, त्याची तजवीज आतापासून करा.

दोन, जिथे नियमाने शक्य आहे तिथे घराच्या कागदावर पती-पत्नी दोघांचंही नाव लावा. पहाटे चारला पाणी भरून जिने ते घर चालवलं, तिचं नाव कागदावर का नको?

तीन, सोफा आणि मोठा टीव्ही घेण्याआधी अभ्यासाचं टेबल घ्या. मुलगा-मुलगी दोघांचं.

चार, दार. चाळीस मजली इमारतीत दार बंद झालं की शेजारी कोण, ते कळणार नाही. चाळीत शेजारधर्म आपोआप होता, आता तो ठरवून पाळावा लागेल. महिन्यातून एकदा मजल्यावरची माणसं एकत्र बसा, रविवारी वंदनेला विहारात या. आणि नव्या वसाहतीत विहाराची जागा कुठे, अभ्यासिका केवढी, हे समितीने आताच लेखी विचारून घ्यावं.

शेवटचं सांगून थांबतो. आमची गिरणी २०२० च्या लॉकडाऊनपासून बंद आहे. आता आमच्याकडे वेळ आहे, पण गेलेली वर्षं परत येत नाहीत. कालच्या बैठकीत समितीने आमची विनंती मान्य केली आहे. उद्यापासून विहाराचा हॉल रात्री अकरापर्यंत अभ्यासासाठी उघडा राहील. मुलींच्या जागा आधी भरल्या जातील. महिला मंडळाच्या दोन भगिनी आळीपाळीने बसतील आणि मुलींना घरापर्यंत सोडायला आम्ही म्हातारे आहोतच.

ही विहाराची किल्ली. इतकी वर्षं आमच्या खिशात होती. आज ती महिला मंडळाच्या स्वाधीन करतो. आमच्या मुलीने पुढे येऊन मंडळाच्या वतीने ती घ्यावी, अशी तिला विनंती करतो आणि आमचे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!