घरी काय नेणार?

(माकणी येथे विद्यार्थी, पालक आणि तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)



दोन वर्षांपूर्वी एका शालेय रोबोटिक्स स्पर्धेत मी परीक्षक होतो. आठवीच्या चार मुलींचा रोबो पहिल्याच वळणावर थांबला, तो पुन्हा हललाच नाही. शेवटी सगळ्यांना एकसारखं पदक आणि सहभाग प्रमाणपत्र दिलं. त्यातली एक मुलगी परत आली. म्हणाली, "सर, यावर नाव नाहीये." कुणीतरी सांगितलं, "घरी लिहून घे." मी बाजूलाच होतो, पण गप्प बसलो.

त्याच मुलींनी सकाळी मला एक गोष्ट दाखवली होती. बॅटरी सहा व्होल्टची, तरी मोटर दमत होती. त्यांनी मल्टिमीटर मागून आणला. एल-२९८ ड्रायव्हरच्या आधी मोजलं, नंतर मोजलं. जवळजवळ दोन व्होल्ट ड्रायव्हरच खात होता. दुखणं सापडलं, पण उपाय करायला वेळ उरला नाही. हे त्या कागदावर कुठेच नव्हतं.

काहीजण म्हणतात, हरणाऱ्याला बक्षीस कशाला? मुलं लाडावतात. मला त्यात अर्धं तथ्य वाटतं. पहिला नंबर पहिल्याचाच. सगळ्यांना सारखं पदक दिलं की त्याला किंमत नाही, हे मुलांना आपल्याआधी कळतं. पण उपाय काहीच न देणं हा नाही. नेमकं काय केलं ते ओळखून देणं हा आहे. अमेरिकेत डीन केमन यांनी १९८९ मध्ये 'फर्स्ट' ही संस्था काढली. तिच्या मोठ्या रोबोटिक्स स्पर्धेतला सर्वोच्च सन्मान मैदान जिंकणाऱ्या रोबोला मिळत नाही. आपल्या परिसरात काम उभं करणाऱ्या संघाला मिळतो.

आपल्याकडे अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळांना २० लाखांपर्यंत अनुदान मिळू लागलं, ही चांगलीच गोष्ट. पण लॅब शाळेत राहते. मूल घरी काय नेतं?

माझं म्हणणं साधं आहे. पदकांच्या पैशात प्रत्येक संघाला एक मल्टिमीटर द्या. सोबत प्रत्येक मुलाच्या नावाचं पत्र द्या, त्यात त्यानं स्वतः केलेली एक गोष्ट लिहा. समजा, एखाद्या संघानं धरणाची पाणीपातळी मोजायला एचसी-एसआर०४ सेन्सर घेतला. तो आवाज पाठवून प्रतिध्वनीवरून अंतर काढतो, तेही साधारण चार मीटरपर्यंतच. म्हणजे आपल्या निम्न तेरणा धरणाला तो पुरणार नाही, गच्चीवरच्या टाकीला पुरेल. हे ज्या मुलांनी स्वतः शोधलं, त्यांच्या पत्रात तेच लिहायचं.

त्या चार मुलींना मी पत्रं लिहिली, महिनाभर उशिरा. पुढे त्यांच्या बाई भेटल्या. एका मुलीचे अब्बा दहावीनंतर तिला शिकवायचं की नाही या विचारात होते. त्यांनी ते पत्र दोनदा वाचून घेतलं आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं. पुढे काय ठरेल, मला माहीत नाही. पण निर्णय घेताना त्यांच्या हातात कोरा कागद तरी नसेल.

म्हणून आज मागणी तुमच्याकडे आहे, तरुणांनो. पत्र लिहायचं तर आधी बघावं लागतं. स्पर्धेच्या दिवशी प्रत्येक टेबलाजवळ सकाळपासून उभा राहणारा, मुलांना विचारणारा आणि टिपून घेणारा एकेक जण हवा. इंजिनिअर असायची गरज नाही. नावं आजच द्या.