पाणी जिरवले, आता ते धरायचे कसे?

(डोंबिवलीतील एका व्याख्यानमालेत निवृत्त स्थापत्य अभियंत्याने ‘भूजल साठवण : तंत्र आणि आपण’ या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



गुढीपाडवा नुकताच झाला. नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा ज्या डोंबिवलीने साऱ्या महाराष्ट्राला दिली, त्या डोंबिवलीत चैत्र उजाडला की काय काय येते? चैत्रगौरीचे हळदीकुंकू येते, आंब्याची डाळ आणि पन्हे येते, आणि सोसायटीच्या फाटकाशी पाण्याचा टँकर येतो. पहिल्या तीन गोष्टी परंपरेने आल्या. चौथी आपण आपल्या हाताने आणली. तिच्याविषयी आज बोलायचे आहे.

आपल्या भागात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्यातील शेतकऱ्याला हा आकडा सांगितला तर तो आपल्यापुढे हात जोडील. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीचे पाणी बदलापूर-कल्याणच्या वस्त्यांत शिरले, ते अनेकांनी इथे अनुभवले आहे. ज्या गावात जुलैमध्ये तळमजल्यावरचे सामान माळ्यावर चढवावे लागते, त्याच गावात एप्रिलमध्ये बादली घेऊन रांग का लागते?

“पाणी अडवा, पाणी जिरवा” ही घोषणा महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचली. १९७२ च्या दुष्काळाने जो धडा दिला, त्याचे सार या चार शब्दांत आहे. देशावर तो मंत्र पुरेसा ठरतो. परंतु सह्याद्रीच्या खाली, आपल्या कोकणपट्टीत, तो अर्धाच आहे. इथे पाणी जिरते. पण राहत नाही. माझ्या आजच्या बोलण्याचा मुद्दा एवढाच आहे.

कातळाची तिजोरी

आपल्या पायाखाली काय आहे ते प्रथम पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हा काळा पाषाण तयार झाला. वाळूच्या प्रदेशात कणाकणांमध्ये पाणी साठते. आपल्या बेसाल्टमध्ये तशी सोय नाही. वरचा झिजलेला मुरूम, खडकातील भेगा आणि सांधे, आणि विहीर खोदणारे ज्याला ‘मांजऱ्या’ म्हणतात तो सच्छिद्र थर, एवढ्याच जागी पाणी मावते. नदीकाठच्या वाळूच्या शंभर घनमीटर थरातून पंधरा-सोळा घनमीटर पाणी मिळू शकते. आपल्या झिजलेल्या बेसाल्टमधून जेमतेम दोन. अखंड कातळातून तर तेवढेही नाही.

म्हणजे तिजोरी लहान आहे, आणि तिला खाली छिद्र आहे. सह्याद्रीच्या पायथ्यापासून खाडीपर्यंतचा उतार तीव्र आहे. मृगापासून श्रावणापर्यंतच्या पावसाने खडकातील जागा भरून जाते. त्यानंतर कितीही कोसळले तरी खडक पाणी घेत नाही. ते ओढ्यानाल्यांतून वाहून जाते. पाऊस थांबला की भेगांमधील पाणी उताराने पाझरत नदीला आणि नदीवाटे खाडीला मिळते. दिवाळीत तुडुंब असलेली विहीर शिमग्याला तळ दाखवते. उपसा हे त्याचे एक कारण आहे; पण बरेचसे पाणी कोणी न उपसताच निघून गेलेले असते.

पूर्वजांचा हिशेब

या भूमीत राहणाऱ्यांना हे फार पूर्वी कळले होते. ठाण्याच्या डोंगरापलीकडील कान्हेरी लेण्यांत जवळजवळ प्रत्येक गुंफेशी कातळात खोदलेले पाण्याचे टाके आहे. तेथील शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटले आहे, आणि ती खोदवण्यासाठी दान देणाऱ्यांत आपल्या कल्याणचे व्यापारीही आहेत. सातवाहनकाळी कल्याण बंदरात उतरलेला माल नाणेघाटाने जुन्नरकडे जाई. त्या घाटमाथ्यावरही खोदीव टाकी आहेत. भेगाळ खडकात पाणी टिकत नसेल तर अखंड कातळातच त्याला घर करून द्यावे, हा त्यामागील विचार होता.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त (इ. स. १७१५ च्या सुमारास) गडावरील पाण्याविषयी जो उपदेश आहे, तो अभियंत्यांनी अवश्य वाचावा. एखादा झरा आहे म्हणून त्यावर निर्धास्त राहू नये, कारण युद्धात तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात आणि नेमका तेव्हाच पाण्याचा खर्च वाढतो; यास्तव राखीव पाण्याची टाकी बांधावीत, असे ते सांगतात. हादऱ्याने खडकातील पाण्याच्या वाटा बदलतात, हे निरीक्षण तीनशे वर्षांपूर्वीचे आहे. आता पाहा, आजचे तंत्र याच गोष्टीचा उलट उपयोग कसा करते.

चार तंत्रे

राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने बेसाल्टच्या प्रदेशासाठी काही अपारंपरिक उपाय विकसित केले. दुर्दैवाने ते अभियंत्यांच्या वर्तुळाबाहेर फारसे ठाऊक नाहीत.

पहिले, जॅकेट वेल. गावाच्या विहिरीभोवती काही मीटरच्या अंतरावर वर्तुळात विंधन छिद्रे घेऊन त्यांत सुरुंग उडवतात. विहिरीभोवतालचा खडक भेगाळतो आणि दूरच्या भेगा विहिरीशी जोडल्या जातात. विहीर तीच राहते, तिचे पोट मात्र वाढते.

दुसरे, बोअर ब्लास्ट. जिथे अखंड पाषाण आहे, तिथे ओळीने छिद्रे घेऊन खोलवर सुरुंग लावतात. पाणी साठवायला जिथे जागाच नव्हती, तिथे ती निर्माण होते. तिसरे, स्ट्रीम ब्लास्ट. हेच काम नाल्याच्या पात्रात करतात, म्हणजे वाहते पाणी खाली उतरते.

चौथे तंत्र आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. त्याचे नाव फ्रॅक्चर सील सिमेंटेशन. विहिरीच्या खालच्या अंगाला, पाणी ज्या दिशेने निसटते त्या दिशेला आडवी छिद्रांची रांग घेतात आणि त्यांतून दाब देऊन सिमेंटची स्लरी भेगांमध्ये भरतात. जमिनीखाली, कोणालाही न दिसणारी भिंत उभी राहते. वरच्या अंगाचे पाणी तिला अडून राहते. नाल्याच्या वाळूत किंवा मुरुमात हेच काम भूमिगत बंधारा करतो : खालच्या कातळापर्यंत चर खणून त्यात चिकणमातीची किंवा काँक्रीटची भिंत घालायची आणि चर पुन्हा बुजवायचा. जमीन बुडत नाही, बाष्पीभवन नगण्य, विस्थापन शून्य.

यांतील पहिली तीन तंत्रे तिजोरी मोठी करतात. चौथे आणि भूमिगत बंधारा ही दोन तिचे छिद्र बुजवतात. वरून सुरुंग लावून खालचे छिद्र तसेच ठेवले, तर पाणी अधिकच वेगाने निघून जाईल. म्हणून भूवैज्ञानिकाने खडक पाहिल्याशिवाय सुरुंगाला हात लावू नये.

शिरपूर आणि शहापूर

धुळे जिल्ह्यातील शिरपूरचा प्रयोग सर्वांना ठाऊक आहे. सुरेश खानापूरकर या भूवैज्ञानिकाच्या मार्गदर्शनाखाली २००४ नंतर तिथे नाले रुंद व खोल केले गेले, बिनदाराचे बंधारे बांधले, वाहून जाणारे पाणी कोरड्या विहिरींत सोडले. काम मोलाचे आहे. पण त्यानंतर यंत्रे लावून जो तो नाला खोल करण्याची जी लाट आली, तिच्यात एक गोष्ट विसरली गेली. तापीकाठच्या गाळाच्या प्रदेशात पाणीपातळी अतिशय खोल गेली होती. भरायला प्रचंड जागा रिकामी होती. आपल्याकडे जुलैतच खडक भरलेला असतो. तो उपाय जसाच्या तसा इथे आणणे म्हणजे दुसऱ्याच्या आजाराचे औषध आपण घेणे होय.

आपल्या शेजारचे शहापूर पाहा. मुंबईला पाणी देणारा तानसा (१८९२) तिथे आहे, भातसा तिथे आहे. आणि त्याच तालुक्यातील आदिवासी पाड्यांवरील भगिनी उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी मैल-मैल चालतात. पाडे उंचावर, धरणाचे पाणी खाली, आणि ते चढवण्याची योजना खर्चाची. अशा पाड्याजवळच्या झऱ्याखाली एक भूमिगत बंधारा किंवा सिमेंटेशनची एक रांग घातली, तर पाणी काही आठवडे अधिक थांबू शकते. पाड्यावरच्या बाईच्या दृष्टीने ते काही आठवडे म्हणजे सारा उन्हाळा असतो. ज्या तालुक्यांच्या डोंगरांवरून आपल्या नळांचे पाणी येते, त्यांचे हे ऋण आपल्यावर आहे.

आमच्या आवारातील खड्डा

आता घरचा दाखला. आमच्या इमारतीला पर्जन्यजल पुनर्भरणाची सोय होती. निदान कागदावर होती. दहा वर्षांनी आम्ही तो खड्डा उघडला, तेव्हा गाळणीच्या वाळूवर वीतभर चिखल बसला होता आणि गच्चीची नळी खड्ड्याऐवजी गटाराला जोडलेली होती. दाखला मिळवण्यापुरते काम झाले होते. दोष केवळ बांधणाऱ्याचा म्हणता येणार नाही. दहा वर्षांत झाकण उचलून पाहायला आम्हीही गेलो नव्हतो.

मग सभेत हिशेब मांडला. आमची गच्ची ५०० चौरस मीटर. अडीच मीटर पाऊस म्हणजे साडेबारा लाख लिटर. वीस टक्के वाया गेले असे धरले तरी दहा लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर दर पावसाळ्यात आम्ही गटारात ओतत होतो. नेहमीप्रमाणे “खर्च कोण करणार” यावर तासभर वाद झाला. शेवटी आवाराच्या मागच्या कोपऱ्यातील जुनी विहीर, जिच्यात निर्माल्य आणि प्लास्टिक पडत असे, ती उपसून स्वच्छ केली. गच्चीचे पाणी खडी, जाड वाळू आणि कोळशाच्या गाळणीतून तिच्यात सोडले. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी बाहेर काढून देणारी झडप बसवली.

चमत्कार झाला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पूर्वी मार्चअखेर येणारा टँकर आता मेच्या मध्यावर येतो. दहा लाख लिटर खडकात मावत नाहीत, हे मी आधीच सांगितले. म्हणून आम्ही एक युक्ती केली. भर पावसाळ्यात शौचालय, गाड्या, बाग यांसाठी विहिरीचेच पाणी वापरतो. त्यामुळे खडकात जागा रिकामी होत राहते, आणि हस्ताचा शेवटचा पाऊस पडतो तेव्हा तिजोरी पुन्हा भरते. आषाढातल्या पावसापेक्षा हस्ताचा पाऊस आपल्या विहिरीला अधिक मोलाचा. घरात भोंडल्याची तयारी चालू असते, तेव्हा गाळणी पुन्हा एकदा धुऊन घ्यावी.

पथ्ये

औषधाबरोबर पथ्य येतेच. औद्योगिक वसाहतीलगतच्या रहिवाशांनी गच्चीचे पाणी थेट बोअरवेलमध्ये सोडण्यापूर्वी शंभरदा विचार करावा. २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवट पाऊस पडल्याची बातमी आपण विसरलेलो नाही. जमिनीवर पडलेले विष दिसते तरी. खडकात सोडलेले विष पिढ्यानपिढ्या काढता येत नाही. तिथे पाणी तपासून, उघड्या टाकीत साठवून वापरणे श्रेयस्कर. रस्त्याचे व वाहनतळाचे पाणी तर कोठेच बोअरमध्ये घालू नये.

खाडीलगत राहणाऱ्यांचे पथ्य वेगळे. तिथे गोड पाण्याचा उपसा वाढला की खारे पाणी आत सरकते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीने १९७० च्या दशकापासून शुद्ध केलेले पाणी विहिरींच्या रांगेतून जमिनीत दाबून समुद्राला मागे रोखले आहे. आपण तेवढे करू शकणार नाही. पण खाडीकाठी खोल बोअर घेण्याचे थांबवू शकतो.

काय करावे?

कायदे आहेत. राज्याचा भूजल अधिनियम १ जून २०१४ पासून अमलात आला. २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामाला पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. पण गाळणी कायद्याने धुतली जात नाही.

म्हणून तीन कामे सुचवतो. एक : आपल्या वस्तीतील जुन्या विहिरींची यादी करा, बुजलेल्याही लिहा. दोन : प्रत्येक विहिरीची पातळी कोजागिरीला आणि पाडव्याला दोरी सोडून मोजा आणि वहीत लिहा. पाच वर्षांची अशी वही कोणत्याही भूवैज्ञानिकाला सोन्यासारखी आहे. तीन : आपल्या सोसायटीने टँकरवरचा खर्च जितका वाचवला, त्याचा एक भाग शहापूर-मुरबाडच्या एखाद्या पाड्यावरील भूमिगत बंधाऱ्यासाठी द्या, आणि काम चालू असताना श्रमदानाला स्वतः जा.

अक्षय्य तृतीयेला उदककुंभाचे दान करण्याची आपली रीत आहे. भर वैशाखात पाण्याने भरलेला घडा दुसऱ्याला देणे, हे दान कोणी ठरवले असेल, त्याला कोरड्या विहिरीचा अनुभव नक्की असणार. यंदा तो घडा देताना एवढेच आठवावे की, ते पाणी कोणाच्या डोंगरावरून आले आहे.