आईस्क्रीम घरचं, परवाना कोणाचा?

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'ग्रामीण स्त्रियांचे अदृश्य श्रम' असा विषय छापला आहे. या विषयावर आपण सगळ्यांनीच इतकी भाषणं ऐकली आहेत, आणि केलीही आहेत, की मी आज फक्त एकाच घराबद्दल बोलणार आहे. पुणे-नाशिक रस्त्यापासून थोडं आत हे घर आहे. चौदा संकरित गाई, सहा म्हशी, साडेपाच एकर जमीन. आणि स्वतःच्या गोठ्यातल्या दुधाचं घरीच केलेलं आईस्क्रीम. रविवारी पुण्याच्या मोटारी येतात. मुलं वासरांना हात लावतात, आईवडील फोटो काढतात, सीताफळाचं आईस्क्रीम खातात आणि जाताना दोन डबे घेऊन जातात. सगळं कुटुंब हसतमुखाने राबतंय हे पाहून पाहुण्यांना बरं वाटतं. ते बरं वाटणं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण मी सोमवारी गेले आणि दोन दिवस राहिले. घरची थोरली सून आपल्या ओळखीच्या बचत गटात आहे, तिनेच बोलावलं होतं.

पहाटे चारला दिवा लागतो. शेण काढणं, गव्हाणी झाडणं, आंबोण कालवणं, कास धुणं, हे सगळं सासूबाई आणि दोन्ही सुना करतात. धारा पूर्वी त्याच काढायच्या. पाच-सहा वर्षांपूर्वी दूध काढायचं यंत्र आलं आणि ते धाकट्या मुलाच्या हातात गेलं. यंत्र चालवणं हे पुरुषाचं काम ठरलं. यंत्राच्या नळ्या आणि कॅन गरम पाण्याने धुणं मात्र बायकांचंच राहिलं. हे आपण गिरणीत पाहिलं, शेतात पाहिलं, आता गोठ्यात पाहतो आहोत. कडबाकुट्टीचं बटण थोरला मुलगा दाबतो, तिच्यात घालायच्या पेंढ्या डोक्यावरून आणते ती त्याची बायको.

आठ वाजता सुनांचा दुसरा कारखाना सुरू होतो. त्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण 'घरच्या बायका मदत करतात' असं आपण म्हणतो तेव्हा त्या मदतीत किती विद्या असते ते आपल्यालाही ठाऊक नसतं. म्हशीचं आणि गाईचं दूध एकत्र करून आधी त्याचं फॅट पाहायचं. आईस्क्रीम म्हणून विकायचं तर त्यात दुधाची स्निग्धता किमान दहा टक्के असली पाहिजे, असा नियम आहे. वनस्पती तेल वापरलं तर डब्यावर 'फ्रोजन डेझर्ट' लिहावं लागतं. डबा घेताना तेवढं वाचत जा. मग साय, दुधाची पावडर, साखर घालून मिश्रण तापवायचं, झपाट्याने थंड करायचं आणि रात्रभर चार अंशांवर मुरवत ठेवायचं. घाई करून त्याच दिवशी यंत्रात घातलं तर ते नीट फुगत नाही आणि लवकर वितळतं. दुसऱ्या दिवशी ते घुसळलं जातं. यंत्रातून निघतं तेव्हा ते मऊसर असतं. मग डबे भरून शून्याखाली अठरा अंशांच्याही खाली कडक करायला ठेवायचे. रात्री वीज गेली आणि जनरेटर वेळेवर लागला नाही, तर आतून किंचित वितळलेलं पुन्हा गोठतं आणि त्यात बर्फाचे कण धरतात. दिसायला काही फरक नसतो. थोरली डब्याच्या कडेचं चमचाभर जिभेवर ठेवते आणि सांगते, हा डबा विकायचा नाही, घरच्या मुलांना द्या.

सीताफळाचं तर विचारूच नका. गर काढताना सालीला अगदी लागून खरवडलं तर रवाळ कण येतात. बिया काढायला वेळ लागला तर गर काळा पडतो. आणि गर दुधाबरोबर तापवला तर तो कडू होतो. म्हणून तो थंड झालेल्या मिश्रणातच घालायचा. हे शोधून काढायला थोरलीला एक अख्खा हंगाम लागला आणि बरंच दूध गुरांच्या आंबोणात गेलं. आता त्याच सीताफळावर त्यांचं नाव झालं आहे. एक लिटरचा डबा हातात घेतला की जड लागतो. लिटरला किमान ५२५ ग्रॅम वजन भरलं की कायद्याचं समाधान होतं, बाकी जागा हवेने भरली तरी चालते. थोरली एवढी हवा भरू देत नाही. त्यावरून घरात भांडण होतं, कारण हवा फुकट असते.

घराच्या माळ्यावर एक जुना आईस्क्रीमचा पॉट पडला आहे. लाकडी बादली, आत उभा डबा, बाजूने बर्फ आणि खडे मीठ, वर फिरवायचा दांडा. आपल्यापैकी कित्येकींनी उन्हाळ्याच्या सुट्टीत तो दांडा फिरवला असेल. अशा हाताने फिरवायच्या यंत्राचं पेटंट अमेरिकेत १८४३ साली नॅन्सी जॉन्सन नावाच्या बाईला मिळालं. तिच्या स्वतःच्या नावावर, पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी. थोरलीला हे सांगितलं तेव्हा ती नुसती हसली.

सासूबाईंशी संध्याकाळी गोठ्याच्या ओट्यावर बोलत बसले होते. त्या म्हणाल्या, "आमच्या येळेला दूध घरचं व्हतं, तूप बाईचं व्हतं. आठवड्याच्या बाजाराला तूप जायचं, त्या पैशात बांगड्या, लेकराची वही, माहेराला जायचं तिकीट. मग डेरी आली. दूध किटलीतनं गेलं आन पैसा त्येच्या मागं गेला."

धवलक्रांतीचा इतिहास यापेक्षा थोडक्यात मी कोणाकडून ऐकलेला नाही. १९४६ साली खेडा जिल्ह्यात सहकारी दूध संघ सुरू झाला, १९७० ते १९९६ 'ऑपरेशन फ्लड' देशभर राबवलं गेलं. त्याने दलालांच्या तावडीतून शेतकरी सुटला, दर दहा दिवसांनी दुधाचा पगार घरात येऊ लागला. हे सगळं खरं, आणि ते नाकारण्याचं कारण नाही. पण संस्थेचं सभासदत्व बहुतेक ठिकाणी घरच्या पुरुषाच्या नावावर पडलं, कारण जमीन त्याच्या नावावर, आणि घरटी एक सभासद. तूप, लोणी, ताक हा बाईच्या हातातला लहानसा व्यवहार होता. तो किटलीत ओतला गेला. बायकांच्या वेगळ्या दूध संस्था पुढे निघाल्या, काही उत्तम चालल्या, पण या गावात ती काढली नाही.

आता आईस्क्रीममुळे दुधावरची प्रक्रिया पुन्हा घरात आली. या घराने हे का केलं? २०१८ च्या जुलैत राज्यात दूध आंदोलन झालं तेव्हा भावाचा प्रश्न होताच. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेलं, मिठाईची दुकानं बंद पडली आणि दुधाचे भाव कोसळले. कॅन परत येऊ लागले. त्या दिवसांत थोरलीने पॉट खाली काढला आणि शेजारपाजारी आईस्क्रीम विकलं. सुरुवात अशी झाली. नंतर ते वाढलं, यंत्रं आली. लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना त्याच वर्षी सुरू झाली होती. खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत अनुदान. अर्ज धाकट्या दिरांनी केला, कारण ते पदवीधर आहेत आणि कागदपत्रं त्यांना कळतात. उद्योगाची नोंदणी त्यांच्या नावावर, अन्नसुरक्षेचा परवाना त्यांच्या नावावर, चालू खातं त्यांचं. खिडकीपाशी पैसे घ्यायला क्यूआर कोडचा पुठ्ठा टांगलाय, तोही त्यांच्याच खात्याचा. आणि दोन मोठे डीप फ्रीजर घ्यायला जे कर्ज काढलं, ते बचत गटातून, थोरलीच्या नावावर! हप्ता चुकला तर गटातल्या बायका तिच्या दारात येणार. पैसे येतात त्या खात्यात ती डोकावूही शकत नाही.

धाकटे दीर काही वाईट माणूस नाहीत. मला त्यांनी हिशेबाची वही दाखवली, जीएसटीचं गाऱ्हाणं सांगितलं. छोट्या उत्पादकांसाठी कराची जी सोपी कंपोझिशन योजना आहे ती आईस्क्रीमवाल्याला मिळत नाही, पानमसाला आणि तंबाखूवाल्यांच्या रांगेत बसवलंय, असं ते चिडून म्हणाले, आणि त्यांचं बरोबर आहे. २०२५ च्या सप्टेंबरात कर अठरा टक्क्यांवरून पाचवर आला तेव्हा त्यांनी गावात पेढे वाटले होते. मी विचारलं, "वहिनींची मजुरी कुठे मांडलीय?" वहीत विजेचा खर्च होता, कागदी कपांचा होता, सीताफळाचा गर काढायला रोजाने येणाऱ्या दोन ठाकर बायकांचा होता. ते म्हणाले, "वहिनींची कसली मजुरी? घरच्याच आहेत त्या."

त्या रोजाने येणाऱ्या दोघींना मिळतं ते फार थोडं, त्याबद्दल आपल्याला वेगळं भांडायचंच आहे. पण त्यांचा दिवस भरतो आणि पैसे हातात पडतात. सुनेचा दिवस भरतच नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटांचा वेळ जातो असं दिसलं, पुरुषांचा ९७. थोरलीची मिनिटं मी मोजायला बसले तर मिश्रण ढवळताना ती धाकट्या मुलीचा पाढा घेत होती. ते कोणत्या रकान्यात घालायचं?

१९८६ च्या चांदवडच्या मेळाव्याला गेलेल्या काही जणी इथे बसल्या असतील. त्यानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, बायकोच्या नावावर जमीन करून द्या म्हणून गावोगाव सांगितलं आणि काही गावांनी केलंही. १९९४ च्या राज्याच्या कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला. आपण सातबारावर नाव यावं म्हणून झगडलो, अजूनही झगडतो आहोत. पण या घराची कमाई आता साडेपाच एकरांत फारशी उरलेली नाही. ती परवान्यात आहे, खात्यात आहे, सीताफळाच्या त्या नावलौकिकात आहे. यांपैकी काहीही सातबारावर येत नाही. उद्या भाऊ-भाऊ वेगळे झाले तर जमीन मोजून वाटतील, गुरं वाटतील. उद्योग ज्याच्या नावावर त्याच्याकडे राहील. थोरलीकडे उरेल ते फ्रीजरचं कर्ज.

म्हणून बचत गटांबरोबर काम करणाऱ्या तुम्हा सगळ्यांना मी म्हणते, कर्जाच्या कागदावर सही घेण्याआधी विचारा की या पैशाने घेतलेलं यंत्र कोणाच्या उद्योगात लागणार आहे. त्या उद्योगात तिचं नाव नसेल तर ते आधी घाला, मग कर्ज. भागीदारीचा करार करता येतो, १९३२ चा कायदा आहे. करारात हिस्सा ठरवला नसेल तर नफा सारखा वाटायचा, असं तो सांगतो. मात्र तोट्याची आणि देण्याचीही जबाबदारी भागीदारावर येते, हे तिला नीट समजावून सांगा. नाहीतर उत्साहाच्या भरात आपण तिच्या गळ्यात आणखी एक देणं बांधू. भागीदारी नको असेल तर निदान दरमहा ठरावीक पगार तिच्या स्वतःच्या खात्यावर, आणि वहीत तशी नोंद.

निघायच्या आधी थोरलीला विचारलं, तुला यातलं काय हवंय? ती बराच वेळ कप पुसत राहिली. मग म्हणाली, "ताई, भांडण नको. पण त्या पुठ्ठ्यावर माझं नाव असतं तर किती पैसे आले ते मोबाइलवर मला कळलं असतं. एवढं तरी." सासूबाई ओट्यावरूनच म्हणाल्या, "एवढं कशाला तरी? समदं माग."

भागीदारी कराराचा मसुदा आपल्या वकील मैत्रिणीने करून दिला आहे. दोन भाऊ आणि दोन्ही सुना, चौघांचा सारखा हिस्सा. धाकटी सून वाचून हो म्हणाली. थोरल्या मुलाची हरकत नाही. धाकट्या दिरांनी तो वाचायला म्हणून ठेवून घेतला आहे. सीताफळाचा हंगाम तोंडावर आला आहे. त्याआधी सही झाली नाही तर गर काढायला बसणार नाही, असं थोरलीने घरात सांगितलं आहे.